विजेरी, शिबिरातील

विजेरी, शिबिरातील : विद्युत् घटांवर चालणारा, सहज नेता येणारा दिवा (टॉर्च, बोलीत बॅटरी). नळीच्या आकाराच्या विजेरीचे अमेरिकी एकस्व डेव्हिड मिसेल यांना १८९९ मध्ये मिळाले. पूर्वीच्या तापदीप्त दिव्याऐवजी आता प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थ (एलईडी) वापरतात. त्यामुळे तेवढेच घट कितीतरी अधिक काळ पुरतात.

विजेरीचा एकूण प्रकाश ल्यूमेनमध्ये मोजतात. तंबूत २० ते ५० व पायवाटेवर सुमारे १०० ल्यूमेन पुरेसे होतात. वेष्टनावरील पल्ला म्हणजे, २००९ च्या अमेरिकी मानकानुसार, प्रदीपन ०·२५ लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतके, उरते ते अंतर होय. उपयुक्त उजेड त्याच्या बराच अलीकडे संपतो.

कुटुंबातील प्रत्येकाजवळ स्वतंत्र विजेरी असावी. स्वयंपाक करताना व मुलांना सांभाळताना डोक्याला बांधावयाची विजेरी सोयीची, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. डोळे अंधाराला सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. ती सवय मंद लाल प्रकाशाने फारशी मोडत नाही. मात्र वाटेवर पांढराच प्रकाश वापरावा. मण्यार हा विषारी साप निशाचर असल्याने रात्री तंबूबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी जमीन व पादत्राणे उजेडात पाहणे आवश्यक असते. म्हणून विजेरी उशाशी ठेवतात.

सह्याद्रीतील पावसात किमान आयपीएक्स ४ दर्जाची, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारी, विजेरी निवडावी. जुने व नवे घट एकत्र घालू नयेत. दुर्बळ घट उलट भारित होऊन गळू शकतो. परतल्यावर घट काढून ठेवतात.