काडतूस मोठे, पिस्तूल लहान

पुणेकराला दारूगोळा काही परका नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तिथे तयार झालेल्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरे उठवलेली असत. पाषाणला शस्त्रास्त्र संशोधन संस्था आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी झाडलेल्या गोळ्या तर आपण शाळेपासून ऐकत आलो. तरीही चाप ओढल्यावर काडतुसात नेमके काय घडते हे विचारले, तर आपण कलाशाखेचे लोक हमखास गप्प बसतो. मी इतिहासाचा विद्यार्थी. जुन्या बंदुकांविषयी वाचता वाचता या प्रश्नापाशी पोचलो, आणि मग तो सुटेपर्यंत चैन पडेना.

आपल्या घरातल्या प्रेशर कुकरपासून सुरुवात करू. शिटी होते तेव्हा कुकरच्या आत बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो जास्त दाब असतो. तेवढ्यावरही झाकण उडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. थ्री-नॉट-थ्री बंदुकीच्या काडतुसात हाच दाब चौरस सेंटिमीटरला साडेतीन हजार किलोंच्या आसपास जातो. फरक इतकाच, की तो टिकतो सेकंदाच्या हजाराव्या-दोन हजाराव्या भागापुरता.

या दाबाला अडवणारे घटक तीन. पितळेची पुंगळी क्षणभर फुगून नळीच्या भिंतीला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. भोवतीची पोलादी भिंत पुंगळीला फुटू देत नाही. आणि पुंगळीच्या बुडामागे जे दार असते, ते मागचा रेटा सोसते. तिन्हींपैकी एकाने दगा दिला की गोळी पुढे जाण्याऐवजी दारूचा वायू बंदूक धरणाऱ्याच्या तोंडावर येतो.

आता एक गंमत पाहा. मोठे काडतूस म्हणजे जास्त दाब, असे आपण धरून चालतो. तसे नसते. अमेरिकन लष्कराने १८७३ मध्ये स्वीकारलेले फॉर्टीफाइव्ह-सेव्हंटी हे जाडजूड काडतूस काळ्या दारूच्या जमान्यातले. त्याची मर्यादा चौरस सेंटिमीटरला दोन हजार किलोंच्या आतच ठेवलेली आहे. १८९५ चे थर्टी-थर्टी त्यापेक्षा बारीक, पण बिनधुराच्या दारूचे. त्याची मर्यादा तीन हजारांजवळ. मात्र मागच्या दारावर पडणारा रेटा म्हणजे दाब गुणिले बुडाचे क्षेत्रफळ. ढोबळ हिशोब करून पाहिला, तर दोन्हींचा रेटा अडीच टनांच्या आसपासच येतो! १९५२ चे थ्री-नॉट-एट घेतले तर तो जवळजवळ पाच टनांवर जातो. काडतुसाची जाडी एकटी काही सांगत नाही, दाबही एकटा काही सांगत नाही.

हा गुणाकार ज्यांना पक्का ठाऊक होता, त्यांनी शिकारीसाठी एकबारी पिस्तुले बनवली. अमेरिकेत वॉरन सेंटर नावाच्या कारागिराने आखलेले 'कंटेंडर' १९६७ मध्ये बाजारात आले. ते मधोमध मोडायचे, एक काडतूस घालायचे, मिटायचे. सांगाडा एकच ठेवून नळ्या बदलता येत. थर्टी-थर्टी त्यात चाले, पण थ्री-नॉट-एट नाही. त्यासाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याच कंपनीला 'एन्कोर' नावाचा अधिक दणकट सांगाडा काढावा लागला. शिवाय नळीची बाहेरची जाडी तीच ठेवून आतली जागा मोठ्या काडतुसासाठी रुंद केली, की भिंत तेवढी पातळ होते. म्हणजे मोठ्या तोंडाच्या पिस्तुलात दाबाची मर्यादा दोन्ही बाजूंनी आवळत येते. मनगटाला बसणाऱ्या धक्क्याची गोष्ट वेगळीच.

आपल्याकडच्या उन्हाचाही यात वाटा आहे. तापलेल्या दारूचा दाब वाढतो आणि फुगलेली पुंगळी नळीत अडकते. वाघ समोर असताना पुंगळी अडकणे परवडणारे नव्हते. म्हणून हिंदुस्थान आणि आफ्रिकेसाठी इंग्रज बंदूकवाल्यांनी 'नायट्रो एक्स्प्रेस' काडतुसे काढली, ती मुद्दाम मोठ्या पुंगळीची आणि बेताच्या दाबाची. पुढे १९०७ मध्ये सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली, कारण चोरीला गेलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना दारूगोळा मिळू नये. बंदूकवाल्यांनी काय केले? .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापे काढली! कायदा आणि कारागीर यांचा हा खेळ मला फार मनोरंजक वाटतो. थ्री-नॉट-थ्री आजही सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, .३१५ मिळते, त्यामागचा विचार याच जातीचा. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा जमानाच संपवला. असो.

पण एकबारी पिस्तूल आणि मोठे काडतूस ही जोडी आपल्याकडे संपलेली नाही. तिचे नाव गावठी कट्टा. (कॉलेजात 'कट्टा' म्हटले की आम्हाला चहा आणि गप्पा आठवतात, वर्तमानपत्रात तोच शब्द वाचताना अजून दचकायला होते.) पुण्यात कट्टा सापडल्याची, फोटोसाठी तो हातात मिरवणारी पोरे पकडल्याची बातमी वरचेवर येते, आणि त्यांतली कित्येक आमच्याच वयाची असतात. कट्ट्याला बहुधा .३१५ चे किंवा बारा बोअरचे काडतूस लागते. .३१५ चे काडतूस मुळात लांब, भक्कम रायफलीसाठी आखलेले. कट्ट्याची नळी कुठल्याशा पाइपाची. पोलाद कोणत्या जातीचे, हे बनवणाऱ्यालाही माहीत नसते.

यावर एक समजूत मी अनेकांच्या तोंडून ऐकली, की नळी आखूड म्हणून दाबही कमी. ती साफ चूक आहे. दाबाचा कळस गोळी जेमतेम दोन-चार बोटे सरकते तोवरच येऊन जातो. नळी वीतभर असो की दोन हातांची, तो कळस जवळजवळ तेवढाच. आखूड नळीने गोळीचा वेग घटतो आणि अर्धवट जळलेली दारू तोंडातून भडकते, एवढेच. दुसरी समजूत, की पाच-दहा बार नीट गेले म्हणजे हत्यार पक्के. प्रत्येक बारागणिक धातूत बारीक चीर पुढे सरकत असते. ती बाहेरून दिसत नाही, आणि कितव्या बाराला नळी फाटेल हे मोजायची सोय नसते.

कारखान्यातली बंदूक विक्रीला जाण्याआधी नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस तिच्यात उडवून पाहतात. बंदूक लांब बांधलेली असते, माणूस आडोशाला. मग नळी, दार, सगळे तपासून पोलादावर शिक्का उठवतात. बर्मिंगहॅमला या कामासाठी १८१३ पासून स्वतंत्र इमारत आहे. कट्ट्याची ही परीक्षा होते ती तो हातात धरलेला असताना.