यामाकोशीचे रंगीत मासे



आपल्या कार्यक्षेत्रात शेततळी वाढली तसे त्यात मासे सोडणारे सभासदही वाढले. कटला, रोहू, मृगळ आणि जोडीला सायप्रिनस. यांपैकी सायप्रिनस हा तळाचा गाळ उकरून खाणारा मोठा काटक गडी. पाणी गढूळ असो की थंड असो, तो तग धरतो. आज जी हकीकत सांगायची आहे ती याच सायप्रिनसच्या एका नटव्या भावाची आहे. शहरात एखाद्या मोठ्या हॉटेलच्या हौदात किंवा बंगल्यापुढच्या कुंडात तांबडे-पांढरे, हातभर लांबीचे मासे फिरताना आपण पाहिले असतील. त्यांना 'कोई' म्हणतात. जपानी लोक 'निशिकिगोई' म्हणतात, म्हणजे जरीकाठाच्या वस्त्रासारखा कार्प मासा. आपल्याकडे असता तर कोणीतरी त्याला 'पैठणी मासा'च म्हटले असते.

आता कोणी म्हणेल, ऊसवाल्यांच्या अंकात हा हौसेचा विषय कशाला? तर या हौसेच्या मुळाशी शेतकरीच आहे, आणि तोही आपल्यासारखाच पाण्याच्या विवंचनेत असलेला.

जपानच्या निगाता प्रांतात डोंगराच्या कुशीत यामाकोशी नावाचे गाव आहे. गाव म्हणजे खरे तर चौदा वाड्या. सगळी शेती उतारावर, पायऱ्या-पायऱ्यांची भातखाचरे. हिवाळ्यात तीन-चार मीटर बर्फ पडतो आणि पूर्वी वाट बंद झाली की महिनोन् महिने बाहेरचे काही मिळत नसे. खाचरांच्या वर या लोकांनी तळी केली होती. बर्फ वितळून येणारे पाणी त्यात साठवायचे आणि भाताला सोडायचे. त्याच तळ्यांत खाण्यासाठी काळा कार्प मासा सांभाळायचा, म्हणजे हिवाळ्यात कालवणाला आधार. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस या काळ्या माशांत मधूनच एखादा तांबूस, एखादा पांढरा निघू लागला. आपल्याकडे एखाद्या बेटात अचानक पट्ट्यापट्ट्यांचा ऊस निघतो, तसाच प्रकार. दुसऱ्या कोणी तो मासा कालवणात घातला असता. या लोकांनी तो वेगळा ठेवला, रंगीताशी रंगीत जोडला, आणि पिढ्यान् पिढ्या निवड करीत राहिले. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि साऱ्या जपानला त्यांची माहिती झाली. पुढे प्लॅस्टिकची पिशवी आणि विमान या दोन गोष्टी आल्या आणि मासा जगभर गेला. आपण बोटुकली आणतो ना, पिशवीत थोडे पाणी आणि वर ऑक्सिजन भरून? अगदी तशीच पॅकिंग.

याला कष्ट काय पडतात तेही ऐका. उन्हाळ्याच्या तोंडाला मादी अंडी घालते, ती लाखांच्या हिशेबात. पिले बोटभर झाली की निवड. नको ते काढायचे. महिन्याने पुन्हा निवड, पुन्हा काढायचे. शेवटी ठेवण्याजोगे राहतात ते शेकड्यात एक-दोनसुद्धा नसतात. राहिलेले मासे उन्हाळाभर डोंगरातल्या मातीच्या तळ्यात वाढवायचे आणि ऑक्टोबरात, बर्फ पडायच्या आत, तळी उपसून ते घराजवळच्या छपराखालच्या हौदांत आणायचे. हाच त्यांचा सुगीचा हंगाम. याच दिवसांत गिऱ्हाइके येतात. कित्येक हौशी मंडळी मासा विकत घेतात, पण घरी नेत नाहीत. 'अजून दोन वर्षे तुमच्याच तळ्यात वाढू द्या' म्हणून पाळणाऱ्याकडेच ठेवतात. तेव्हा त्या तळ्यात शेतकऱ्याचे मासे असतात तसे अमेरिकेतल्या आणि इंग्लंडातल्या कोणाकोणाचेही असतात.

आणि सर्वांत मोलाचे म्हणजे जोडीचे नर-मादी. ज्याच्याकडे चांगली वंशावळ त्याच्याकडे धंदा. बेणेमळा जळाला तर पुढची लागण कशाची करायची, हा प्रश्न आपल्याला समजतो. तोच हिशेब.

आता भूकंपाकडे येऊ. २००४ सालचा ऑक्टोबर. २० तारखेला मोठे वादळ येऊन गेले होते, डोंगर पाण्याने भिजून जड झाले होते. २३ तारखेला शनिवारी संध्याकाळी ५ वाजून ५६ मिनिटांनी ६.८ तीव्रतेचा धक्का बसला, आणि पाठोपाठ एकामागून एक जबर धक्के बसत राहिले. किल्लारीचा १९९३ चा भूकंप ज्यांनी भोगला त्यांना जास्त सांगायला नको. निगाता भागात या भूकंपाने ६८ माणसे गेली. वेगाने धावणारी शिनकान्सेन गाडी रुळावरून उतरली, नशिबाने त्यात कोणी मेले नाही. यामाकोशीत भिजलेले डोंगर कोसळले. हजारो ठिकाणी दरडी आल्या, रस्ते तुटले, वीज गेली, टेलिफोन गेले. दरडीने इमोगावा नदी अडली आणि मागे पाणी तुंबून खालच्या वाडीतली घरे बुडू लागली. गावाचे प्रमुख नागाशिमा तादायोशी यांनी २५ तारखेला सगळे गाव खाली करण्याचा निर्णय घेतला. सुमारे २२०० माणसे, म्हातारी-कोतारी धरून, लष्कराच्या हेलिकॉप्टरने नागाओका शहरात हलवली. घरात होते ते घरात राहिले. गोठ्यात होते ते गोठ्यात आणि हौदात होते ते हौदात.

इथे वेळेचा घात लक्षात घ्या. ऑक्टोबर! काही मासे नुकतेच तळ्यातून काढून हौदात आणले होते, काही अजून डोंगरावर होते. हौदात मासे दाटीने ठेवलेले असतात आणि ते जगतात पंपावर. पंप पाण्यात हवा घालतो आणि पाणी गाळणीतून फिरवतो. वीज गेली की दाट हौदातला ऑक्सिजन तासातासाने संपतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात, आणि मोठे मासे आधी मरतात, कारण त्यांची गरज जास्त. म्हणजे जोडीचे, वंशावळीचे मासे सर्वांत पुढे. मातीच्या तळ्यात पाणी भरपूर आणि मासे विरळ, त्यामुळे तिथे वीज नसली तरी चालते. पण भूकंपाने कित्येक तळ्यांना भेगा गेल्या, बांध फुटले आणि पाणी उतारावरून निघून गेले. इकडे आड तिकडे विहीर, तशी गत.

पुढे जे घडले ते वाखाणण्यासारखे आहे. शहरातल्या छावणीत, शाळेच्या जिमखान्यात अंथरूण टाकून पडलेल्या माणसांना स्वतःचे घर उभे आहे की नाही हे ठाऊक नव्हते. तरी परवानगी मिळताच पाळणारे वर जाऊ लागले. कोणी तुटक्या रस्त्याने पायी, कोणी हेलिकॉप्टरने. उरलेले मासे पकडायचे, पिशव्या-टाक्यांत ऑक्सिजन भरून घालायचे आणि खाली आणायचे. मासे हेलिकॉप्टरने आले! जनावरेही आली. यामाकोशीत बैलांची झुंज लावण्याची जुनी रीत आहे. तिथे हार-जीत ठरवत नाहीत, भर रंगात माणसे मध्ये पडून दोन्ही बैल सोडवतात. ते झुंजीचे बैल आणि इतर गुरे दोर-पट्ट्यांत बांधून उचलली. ज्याने एकदा तरी बिथरलेला खोंड ट्रकमध्ये चढवला आहे त्याने हे डोळ्यांपुढे आणावे.

पण आणलेले मासे ठेवायचे कुठे? खऱ्या मदतीची पारख इथे झाली. पैसा देणे सोपे असते. मासा मात्र ठेवायला हौद लागतो, पंप लागतो, हात लागतात. खालच्या भागात आणि दूरच्या गावी ज्यांचे हौद शाबूत होते त्यांनी धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यांचे मासे आपल्या हौदात घेतले. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. कार्प माशाला मारणारा एक विषाणूजन्य रोग आदल्याच वर्षी, २००३ साली, जपानात आढळला होता, आणि परका मासा आपल्या हौदात घेणे म्हणजे आपला सगळा धंदा पणाला लावणे होते. शेजाऱ्याचे रोगट बेणे आपल्या रानात लावायला आपण धजू का, याचा विचार करा.

दुसरा हात हौशी लोकांचा. जपानात, अमेरिकेत, इंग्लंडात या माशांच्या शौकिनांची मंडळे आहेत. नोकरदार, दुकानदार, निवृत्त माणसे, घरामागे एक तळे आणि त्यात दहा-वीस मासे, एवढाच त्यांचा पसारा. या मंडळांनी निधी गोळा करून निगाताला धाडला. त्यांच्या तळ्यातला मासा ज्या डोंगरातून आला तो डोंगर कोसळला आहे, एवढेच त्यांना कळत होते. ज्यांचे मासे तिथे वाढत होते त्यांचे तर त्यात नुकसानही झाले होते.

माणसे निर्वासित असताना माशांसाठी इंधन आणि हेलिकॉप्टर खर्च करावे का, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. माझे मत विचाराल तर, माणसे आधी सुखरूप हलवली होती, त्यानंतरचे हे काम. आणि पुढे परत जायला काहीतरी कारण लागते. खाचरे ढासळलेली, घर पडलेले, आणि वंशावळीचे मासेही गेलेले असते तर साठीच्या शेतकऱ्याने डोंगर पुन्हा चढायचा तो कशासाठी?

पुढच्याच वर्षी अमेरिकेत याची दुसरी बाजू दिसली. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ न्यू ऑर्लिन्सवर आले. तिथले मोठे सार्वजनिक मत्स्यालय वादळात उभे राहिले, इमारतीला फारसे काही झाले नाही. पण शहर बुडाले, कर्मचाऱ्यांना बाहेर पडावे लागले आणि जनरेटर बंद पडला. दहा हजारांच्या घरातले बहुतेक सगळे मासे गुदमरून मेले. वाचलेले १९ पेंग्विन आणि दोन समुद्री पाणमांजरे कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे येथील मत्स्यालयाने आपल्याकडे नेली, सांभाळली आणि २००६ च्या मे महिन्यात पेंग्विन विमानाने परत पाठवले. इमारत भक्कम असून भागत नाही. पंपाशेजारी माणूस लागतो.

यातले काही आपल्या शेततळ्यालाही लागू आहे म्हणून सांगतो. पाणी जितके ऊन, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. म्हणजे जपानच्या थंडीत जो मासा रात्र काढील तो आपल्या एप्रिल-मेमध्ये काढणार नाही. वीज जाणार असे दिसले, किंवा पुराची सूचना आली, की खाद्य बंद करावे. खाल्लेला मासा ऑक्सिजन जास्त ओढतो आणि त्याच्या विष्ठेने पाणी नासते. उपाशी सायप्रिनस आठवडाभरही काही बिघडत नाही. पहाटे मासे वर तोंड काढताना दिसले तर इंजिनाने तळ्याचेच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखे परत तळ्यात सोडावे. घरात काचपेटी असलेल्या पोरांनी तांब्याने पाणी वर घेऊन ओतत राहावे, आणि वीज आल्यावर बराच वेळ बंद राहिलेली गाळणी धुतल्याखेरीज सुरू करू नये. आतले जिवाणू मरून तिच्यात विष साठलेले असते.

यामाकोशीचे पुढे काय झाले? सुरुवातीला छावण्यांत माणसे मिळेल तिथे टेकली होती, ती नंतर वाडीवार एकत्र आणली. तात्पुरती घरे दिली तीही वाडीवारच, म्हणजे शेजारी तेच राहिले. त्या हिवाळ्यात बर्फ अतोनात पडला आणि भूकंपात तगलेली कित्येक घरे त्या भाराने बसली. २००५ च्या एप्रिलात गाव कागदोपत्री नागाओका शहरात विलीन झाले. तरी 'यामाकोशीला परत जाऊ' हे त्यांचे ब्रीद सुटले नाही. तीन वर्षांनी, २००७ अखेर, लोक परतले. सगळे नाही, दहांतले सुमारे सात. खाचरे बांधली, तळी पुन्हा लिंपली. नागाशिमा पुढे जपानच्या संसदेत गेले, २०१७ साली वारले. त्याच २०१७ साली भात आणि मासे यांची ही जोडशेती जपान सरकारने कृषिवारसा म्हणून मान्य केली. मध्यंतरी २००९ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोतून कोणी त्यांना मदत म्हणून लोकरीचे अल्पाका प्राणी पाठवले. ते आता तिथे रमले आहेत आणि पाहुणे ते पाहायलाही जातात. मदत कोणत्या रूपात येईल, सांगता येत नाही!

माशांचा बाजारही टिकला. २०१८ साली जपानात, निगाताला नव्हे तर हिरोशिमाला, एक कोई वीस कोटी येनांहून अधिक किमतीला गेला. असले भाव शर्यतीच्या बैलासारखे, नेहमीचे नव्हेत. यामाकोशीची खरी काळजी वेगळी आहे. तरुण पोरे शहरात जातात आणि २०२१ पर्यंत गावात आठशेच्या आसपासच माणसे उरली होती. २०२१ च्या डिसेंबरात गावाने माशांच्या रंगीत चित्रांचे संगणकी दाखले विक्रीला काढले. जो घेईल तो गावाचा मानद रहिवासी, आणि गावाच्या कामात त्यानेही मत द्यावे. घेणाऱ्यांची संख्या बघता बघता राहणाऱ्यांच्या वर गेली. त्यांतले काही जण प्रत्यक्ष गाव पाहायला येतात, बर्फ काढायला हात लावतात. ऑक्टोबर आला की अजूनही तळी उपसतात, कमरेइतक्या गाळात उतरून जाळे ओढतात, आणि बांधावर परदेशी गिऱ्हाइके गमबूट घालून उभी असतात.