कर्जतला मागून लागणारं इंजिन

मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी कर्जतला थांबते आणि थोड्या वेळाने मागून एक धक्का बसतो. हातातला चहा हिंदकळतो, वरच्या फळीवरची बॅग जराशी सरकते. रोजचा प्रवासी म्हणतो, ‘बँकर लागला’, आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालतो. लहानपणी या धक्क्याची वाट बघत मी खिडकीला चिकटून बसायचो. आजही बसतो. फरक एवढाच, की तेव्हा डोळे वडेवाल्याकडे असायचे आणि आता शेवटच्या डब्याकडे असतात. कर्जतच्या बटाटेवड्याचं नाव झालं, त्यातही या थांब्याचा वाटा आहे. बँकर जोडेपर्यंत गाडी हलत नाही आणि प्रवाशाला भूक लागलेलीच असते.

बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला मागून ढकलणारी इंजिनं. कर्जत ते लोणावळा हा बोरघाट आणि कसारा ते इगतपुरी हा थळघाट, दोन्हीकडे ती लागतात, कारण दोन्ही घाटांत सर्वांत तीव्र चढ ‘३७ ला १’ असा आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. पायी चालणाऱ्याला हा चढ किरकोळ वाटेल, पण रेल्वेसाठी तो फार मोठा आहे. बावीस डब्यांची गाडी साधारण अर्धा किलोमीटर लांब असते. ती पूर्णपणे या चढावर असेल, तेव्हा तिचं तोंड शेपटीपेक्षा सुमारे १४ मीटर उंचावर असतं. चार मजली इमारतीच्या गच्चीवर इंजिन आणि तळमजल्यावर गार्डचा डबा, असं चित्र डोळ्यांसमोर आणा.

आता वजनाचा हिशोब. प्रवाशांनी भरलेल्या अशा गाडीचं वजन सहज १,२०० टन होतं, त्यात १२३ टनांचं इंजिन मिळवा. ३७ ला १ च्या चढावर या वजनाचा सदतिसावा भाग, म्हणजे जवळजवळ ३६ टनांची ओढ, गाडीला सतत मागे खेचत असते. चाकांचा आणि वळणांचा विरोध वेगळाच. डब्ल्यूएपी-७ हे प्रवासी गाड्यांचं आजचं ताकदवान इंजिन सुरुवातीला सुमारे ३३ टनांचा जोर लावू शकतं. एकट्याच्या बळावर ते गाडी वर नेणार नाही, हे इथेच कळतं. शिवाय लोखंडी चाक लोखंडी रुळावर टेकतं ते बोटाच्या पेराएवढ्या जागेवर. पावसाळ्यात रूळ निसरडे झाले की चाक जागच्या जागी फिरू लागतं, म्हणून इंजिनातून रुळावर वाळू सोडतात.

मग जास्तीची इंजिनं पुढेच का लावत नाहीत? हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि त्याचं उत्तर मला फार आवडतं. सगळी ओढ पुढून लावली तर गाडीचा सगळा भार पहिल्या कपलिंगवर येतो. मागून ढकललं की भार वाटला जातो. आणि चढावर मध्येच कुठे कपलिंग तुटलंच, तर सुटलेल्या डब्यांच्या खालच्या बाजूला बँकर पाठ लावून उभा असतो. तो जोर लावतो आणि राखणही करतो. बँकरच्या लोको पायलटला मात्र समोर बराचसा शेवटचा डबाच दिसतो. पुढच्या पायलटशी मेळ राखत त्याने जोर लावायचा.

इतका तीव्र चढ ठेवावा का लागला? ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गेली, पण कंपनीचं लक्ष दख्खनच्या कापसाकडे होतं आणि वाटेत सह्याद्री उभा होता. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी सुमारे २५ किलोमीटरांत १,८३१ फूट चढणारा मार्ग आखला. १८५६ मध्ये काम सुरू झालं. त्यात पंचवीस बोगदे होते आणि खडक सगळा काळा बसाल्ट. सुरुंगाची भोकं पाडायला माणसांना दोरांनी कड्यावरून खाली सोडत. १८६१ मध्ये इथे ४२,००० मजूर राबत होते. पटकी आणि तापाने, दरडींनी, सुरुंगांनी किती गेले, त्यांची नावं कुठल्याही फलकावर नाहीत. ही गोष्ट मला दर वेळी बोगद्याच्या अंधारात टोचते.

पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. १८५९ च्या सुरुवातीला मजुरीवरून कामगारांचा उद्रेक झाला आणि त्याने काम सोडलं. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरला आणि काही दिवसांतच वारला. मग कंत्राट त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, हाती घेतलं आणि दोन जाणकार अभियंत्यांना कामावर नेमून ते पूर्णत्वाला नेलं. २१ एप्रिल १८६३ ला घाट खुला झाला, तो बघायला बर्कले नव्हते. आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांचं निधन झालं होतं. तोवर खंडाळा ते पुणे गाडी सुरूही झाली होती. मधला घाट प्रवासी खोपोलीहून पालखीत, तट्टावर किंवा पायी चढत. आज पळसदरीहून फुटणारा खोपोलीचा फाटा, ज्यावरून लोकल जाते, तो त्याच काळातला.

बर्कलेंच्या मार्गात खंडाळ्याजवळ एक ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होतं. वळण घ्यायला जागाच नव्हती, म्हणून गाडी तिथे शिरायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी उलट्या तोंडाने पुढचा चढ चढायची. १९२९ मध्ये नवे बोगदे खोदून ते टाळलं गेलं. त्याच सुमारास घाटात वीज आली आणि लांब नाकाची ‘क्रोकोडाइल’ इंजिनं धावू लागली.

पण घाट चढण्यापेक्षा उतरणं अवघड, असं घाटातली जुनी माणसं सांगतात. (रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे येणारी गाडी ‘अप’, त्यामुळे इथे अप गाडी उतरते आणि डाऊन गाडी चढते. नवख्याचा हमखास गोंधळ होतो.) उतारावर ब्रेक निकामी झाले तर काय, याचं उत्तर म्हणजे कॅच सायडिंग. मुख्य मार्गातून फुटणारा हा फाटा उलटा वर चढत जातो आणि पुढे संपतो. मंकी हिल, ठाकूरवाडी, जांबरूंग इथे उतरणारी प्रत्येक गाडी थांबते. प्रवाशांना वाटतं, सिग्नल नाही. प्रत्यक्षात सांधा मुळातच कॅच सायडिंगकडे लावलेला असतो. गाडी थांबली, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत, याची खात्री पटल्यावरच मुख्य मार्ग मोकळा होतो. जी थांबू शकली नाही, ती आपोआप त्या चढावर जाऊन अडकेल. थांबणं हीच इथली परीक्षा, आणि ती प्रत्येक फेरीला नव्याने द्यावी लागते.

पावसाळ्याआधी ‘हिल गँग’चे कामगार दोरांना लोंबकळत कड्यावर फिरतात आणि सुटू पाहणारे दगड आपणच पाडून टाकतात. दीडशे वर्षांपूर्वी त्याच कड्यांवर माणसं अशीच दोरांना लटकली होती.

आता वंदे भारत या घाटात बँकरशिवाय चढते. तिचं बळ एका इंजिनात नसतं. निम्म्या डब्यांखाली मोटारी असतात, म्हणजे गाडीच स्वतःला अनेक जागांहून ढकलते. इगतपुरीच्या बाजूने जाणारी राजधानीही पुढे-मागे इंजिनं लावून धावते आणि कसाऱ्याला बँकरसाठी थांबत नाही. वेळ वाचतो, हे खरंच चांगलं आहे.

इतर गाड्यांना मात्र लोणावळा येईपर्यंत मागचा तो आधार लागतोच. तिथे एक माणूस शेवटच्या डब्यापाशी रुळांत उतरतो, पाइप सोडवतो, कपलिंग काढतो. गाडी पुण्याकडे निघते. बँकर काही वेळ तसेच उभे राहतात, आणि मार्ग मिळाला की पुढच्या गाडीसाठी कर्जतकडे उतरू लागतात.