नशा सुटली, सूर राहिले

‘डॉक्टर, नशा सोडली तर चाली सुचणारच नाहीत,’ असे गाण्या-बजावण्यातली मंडळी मला पुष्कळदा सांगतात. अशांना मी ट्रेंट रेझ्नर या अमेरिकन संगीतकाराचे उदाहरण देतो.

यंत्रांच्या खडखडाटासारखे आवाज वापरणारे ‘इंडस्ट्रियल रॉक’ हे त्याचे क्षेत्र. तरुणपणी क्लीव्हलंडच्या एका स्टुडिओत तो साफसफाई करी आणि स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा स्वतःची गाणी ध्वनिमुद्रित करी. त्यातूनच १९८९ मध्ये ‘नाइन इंच नेल्स’ या नावाने त्याचा पहिला अल्बम निघाला. प्रसिद्धी आली, तशी दारू आणि कोकेनही आली. २००० साली लंडनमध्ये कोकेन समजून त्याने हेरॉइन घेतले आणि मरता मरता वाचला.

वाचकहो, या दोन्ही पुडी दिसायला सारख्या असू शकतात. पण कोकेन उत्तेजित करते, तर हेरॉइनने मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावते. श्वास संथ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि हाक मारूनही जाग नाही, अशा माणसाला ‘झोपू द्या, उतरेल’ म्हणून सोडू नका. तातडीने रुग्णालयात न्या.

रेझ्नरने २००१ मध्ये व्यसनमुक्तीचे उपचार घेतले. त्यानंतर २००५ मध्ये नवा अल्बम आला आणि चित्रपट-संगीतासाठी सहकाऱ्यांसह २०११ व २०२१ मध्ये ऑस्करही मिळाले.

व्यसन हा आजार आहे. घरच्यांनी टोमणे मारण्याऐवजी रुग्णाला डॉक्टरांकडे न्यावे.