कंट्री गिटार : हौशी हातांची कमाई

हौशी गिटारवादक कंट्री संगीताकडे बहुधा उशिरा वळतो. पंधरा-सोळाव्या वर्षी रॉक, पुढे ब्लूज, कुणाला जॅझची ओढ. आणि नोकरी-संसार मार्गी लागल्यावर त्याच्या ध्यानात येते की ज्या गाण्यांना आपण तीन कॉर्डची म्हणून बाजूला सारले, ती आपल्याला धड वाजवता येत नाहीत. या उशिराच्या वळणाला लोक उतारवयातला विरंगुळा समजतात. मला ते मान्य नाही. कंट्री गिटारचे तंत्र मुळात ज्यांनी घडवले त्यातल्या बहुतेकांचे पोट गिटारवर चालत नव्हते. हातांच्या, वेळेच्या आणि साथीदारांच्या मर्यादांतून त्यांनी वाट काढली आणि ती वाट म्हणजेच शैली झाली. आयुष्यभर हौसेने वाजवत या संगीतापाशी पोहोचणारा माणूस म्हणूनच त्याच्या मूळ परंपरेत येऊन मिळतो.

पुरावा अगदी आरंभापासून आहे. 1927च्या जुलै-ऑगस्टमध्ये टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात राल्फ पीअर यांनी व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रणे केली. तिथे कार्टर कुटुंबातले तिघे आले, त्यांतली मेबेल अठरा वर्षांची होती. सोबत फिडल (म्हणजे व्हायोलिन) नाही, बँजो नाही, ए. पी. कार्टर मधूनमधून गाणार, सारा गात ऑटोहार्प छेडणार. मग चाल कुणी वाजवायची? मेबेलने ती अंगठ्याने खालच्या जाड तारांवर घेतली आणि तर्जनीने वरच्या तारांवर कॉर्ड छेडत ठेका धरला. 1928 सालचे ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ हा या पद्धतीचा नमुना मानला जातो. डॉक वॉटसन यांचेही असेच. बालपणीच दृष्टी गेलेले हे नॉर्थ कॅरोलिनाचे वादक पियानो जुळवण्याचे काम करत. 1953च्या सुमारास ते नाचाच्या ज्या बँडमध्ये वाजवत, त्यात फिडलवाला नव्हता, म्हणून फिडलच्या द्रुत चाली त्यांनी गिटारवर बसवल्या. त्यांची पहिली एकल ध्वनिमुद्रिका आली 1964 साली, चाळिशी उलटल्यावर. जॉनी कॅश यांचे साथीदार ल्यूथर पर्किन्स मेम्फिसमध्ये मोटार दुरुस्त करत. त्यांना फार काही येत नव्हते. जे येत होते ते खर्जाच्या तारांवर, संथ आणि एका चालीत. तोच ठेका कॅश यांची ओळख बनला.

सर्वांत भक्कम उदाहरण मात्र केंटकीतल्या म्युलेनबर्ग काउंटीचे. कोळशाच्या खाणींच्या या मुलखात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक घराणेच उभे राहिले. शेजारच्या ओहायो काउंटीतले अर्नॉल्ड शुल्ट्झ हे कृष्णवर्णीय खाणकामगार गिटार आणि फिडल दोन्ही वाजवत. त्यांच्याकडून ती विद्या केनेडी जोन्स यांच्याकडे आणि पुढे मोझ रेगर व आइक एव्हर्ली यांच्या हाती गेली. दोघेही खाणीत राबलेले. रेगर न्हाव्याचे कामही करत आणि बहुतेक आयुष्य त्यांनी गावातच काढले. या दोघांचे पाहून शिकला तो खाणकामगाराचा मुलगा मर्ल ट्रॅव्हिस. अंगठ्यात नखी घालून जाड तारांवर आलटून-पालटून आघात करायचे, तळव्याच्या कडेने त्या तारा किंचित दाबून ठेवायच्या आणि एकट्या तर्जनीने ठेक्याच्या अधल्यामधल्या जागी चाल पेरायची, ही त्याची रीत. ती रेडिओवर ऐकून टेनेसीच्या चेट ॲटकिन्स या पोराला वाटले की एवढे स्वर एका बोटाने निघणार नाहीत. पाहायची सोय नव्हती. म्हणून तो अंगठा आणि तीन बोटे वापरून वाजवायला शिकला. पुढे जगभर गाजलेली ॲटकिन्स शैली एका पोराच्या चुकलेल्या अंदाजातून जन्मली. गुरू समोर नसताना नुसत्या कानाने शिकणाऱ्याला याहून मोठा दिलासा कोणता?

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. हौशीपणाचे हे कौतुक म्हणजे गरिबीला आणि अन्यायाला चढवलेला मुलामा नाही काय? आक्षेपात तथ्य आहे. शुल्ट्झ 1931 साली वारले. त्यांचे एकही ध्वनिमुद्रण नाही. ए. पी. कार्टर यांच्याबरोबर गाणी गोळा करत हिंडणारे आणि मेबेलवर प्रभाव टाकणारे लेस्ली रिडल हेही कृष्णवर्णीय; 1960च्या दशकात संशोधक त्यांच्यापर्यंत पोहोचेपर्यंत ते विस्मृतीत होते. त्या काळी ध्वनिमुद्रिका कंपन्या गोऱ्या आणि काळ्या वादकांच्या याद्या वेगळ्या छापत, त्यामुळे ऐकणाऱ्याला एकच संगीत दोन भासले. एलिझाबेथ कॉटन डावखुऱ्या, उलटी गिटार धरून अंगठ्याने चाल वाजवणाऱ्या. घरकाम करत त्यांची कित्येक दशके वादनाविना गेली. साठी ओलांडल्यावर त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका आली आणि नव्वदीत ग्रॅमी मिळाले. कंपन्यांनी त्यांना ‘लोकसंगीता’च्या कप्प्यात ठेवले, तरी हाताची भाषा तीच आहे. या सर्वांचे हौशी राहणे त्यांनी निवडलेले नव्हते, हे आज सुखवस्तू घरात बसून वाजवणाऱ्याने विसरू नये. पण त्यामुळे माझा मुद्दा ढळत नाही. तंत्र त्यांनीच घडवले; म्हणून त्याचे श्रेय त्यांच्या नावानिशी देणे हे आपले कर्तव्य ठरते.

दुसरा आक्षेप नॅशव्हिलचा. तिथल्या स्टुडिओतल्या निष्णात वादकांनीच कंट्री जगभर नेले. टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारवर त्यांनी केलेली करामत घरी बसून वाजवणाऱ्याला कशी साधावी? वेगाबद्दल हे खरे आहे, आणि ते निमूट मान्य करावे. दोन तारांपैकी एक स्थिर ठेवून दुसरी नेमक्या स्वरापर्यंत ओढायची, पेडल स्टीलसारखी मींड काढायची, तीही धावत्या लयीत, याला रोजचे तासन्‌तास लागतात. पण कंट्रीतला कठीण भाग निराळाच आहे. गायकाच्या दोन ओळींमधल्या जागेतच बोलायचे आणि शब्द सुरू होताच मागे सरायचे, हा संयम वेगाने येत नाही. तसेच अंगठ्याचे. तो डोक्याला विसरून चालू लागायला वर्षे लागतात. घाई केली की लय तुटते. इथे हौशी वादकाची आयुष्यभराची सवय कामी येते. त्याला उद्या कुणापुढे परीक्षा द्यायची नसते.

तिसरा आक्षेप आपल्यासारख्या दूरच्यांसाठी आहे : ज्याने ॲपलाचियन डोंगर पाहिले नाहीत, त्याने ही गाणी का वाजवावी? पण हे संगीत शुद्ध कधी नव्हतेच. बँजोचे मूळ आफ्रिकेत, जिमी रॉजर्स यांच्या योडलिंगचे आल्प्सकडे आणि स्टील गिटारचे हवाई बेटांत. तीच हवाईयन गिटार मुंबईच्या चित्रपटसंगीतात घुमली. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग मांडले आणि 1967च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त ती संतूर-बासरीच्या जोडीला बसवली. वाद्य असे हिंडते, तर वादकाला कुंपण कशाला? अट एकच, गाण्यातल्या माणसांचे जगणे समजून घ्यायचे. ट्रॅव्हिस यांचे ‘सिक्स्टीन टन्स’ वाजवणाऱ्याला खाणमालकाच्या दुकानातल्या उधारीचा फास ठाऊक नसेल, तर बोटे बरोबर पडूनही गाणे पोकळ वाजते.

म्हणून शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना एक विनंती. कंट्रीची सुरुवात इलेक्ट्रिक गिटारवरच्या द्रुत तुकड्यांनी करू नका. आधी मेबेल कार्टर ऐका, मग मोझ रेगर आणि ट्रॅव्हिस, मग डॉक वॉटसन. पहिले काही महिने डावा हात दोन-तीन कॉर्डवरच राहू द्या आणि सगळा वेळ उजव्या हाताच्या अंगठ्याला द्या.