फुकट आहे, पण आपल्याला जमेल का?

आज आपण बोलूया गटाच्या हिशेबाबद्दल, पण वहीतल्या नाही, संगणकावरच्या.

आमच्या ग्रामसंघाला एक जुना संगणक मिळाला. त्यात लिब्रेऑफिस होतं. पत्र लिहायला रायटर आणि हिशेबाला कॅल्क. हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. जात्यावरची ओवी जशी कुणा एकीच्या मालकीची नसते, जिला सुचेल ती भर घालते, तसंच हे. कुणीही वापरावं, वाटावं, सुधारावं. २०१० पासून जगभरचे लोक मिळून ते सांभाळतात. पैसे पडत नाहीत आणि पेनड्राइव्हवरून मैत्रिणीला दिलं तरी ती चोरी होत नाही.

आम्ही खूश झालो. बचत, कर्जवाटप, हप्ते, व्याज, सगळं कॅल्कमध्ये भरलं आणि कर्जप्रस्तावासोबत फाइल बँकेत पाठवली. उत्तर आलं, "ही फाइल आमच्याकडे चालत नाही." पुन्हा हेलपाटा आणि पेरणीच्या तोंडावर कर्ज लांबलं. आमची सचिव रडवेली झाली. म्हणाली, "ताई, मला नाही जमायचं हे. वहीच बरी."

पण चूक तिची नव्हती. कॅल्क फाइल आपल्या पद्धतीने, ओडीएस प्रकारात ठेवतं. प्रकार बदलायला गेलं की विचारतं, एक्सेलच्या प्रकारात ठेवू की ओडीएफच्या? आता ओडीएफ म्हणजे काय, हे घरकाम उरकून आलेल्या बाईला कसं कळावं? तिने दिसलं ते बटण दाबलं. बनवणाऱ्यांना जे सोपं वाटतं, ते वापरणारीला सोपं असतंच असं नाही.

मग आम्ही तीन गोष्टी केल्या. तुम्हीही करून बघा.

पहिली : टूल्समध्ये ऑप्शन्स, तिथे लोड-सेव्ह, मग जनरल. तिथे स्प्रेडशीटसाठी एक्सेलचा प्रकार कायमचा निवडून ठेवा. एकदाच करायचं.

दुसरी : नुसतं वाचायला द्यायचं असेल तर फाइलमधून पीडीएफ करून पाठवा. अक्षरं आणि रकाने जागचे हलत नाहीत. मूळ फाइल मात्र आपल्याकडे जपून ठेवा.

तिसरी : एमएस-सीआयटीच्या वर्गात एक्सेल शिकलेल्या मैत्रिणींना इथली बटणं अनोळखी वाटतात. व्ह्यूमध्ये युजर इंटरफेस उघडून टॅब्ड निवडा, मांडणी बरीच ओळखीची होते. बसवून देणाऱ्याला मराठीही टाकायला सांगा, म्हणजे मेन्यू मराठीत दिसतील.

एवढं झाल्यावर आमच्या सचिवेने पुढचा हिशेब स्वतः पाठवला. बँकेने घेतला आणि कर्ज मंजूर झालं.

मैत्रिणींनो, नवी शिलाई मशीन अडखळली तर आपण स्वतःला अडाणी म्हणत नाही, दोरा आणि सुई तपासतो. संगणकापुढेच का मान खाली घालायची? कुठे अडलं ते वहीत लिहा आणि बैठकीत मांडा. या सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर अडचण कळवायची सोय आहे. गावातल्या शिकलेल्या मुलीकडून कळवा. फुकट मिळालं म्हणून गप्प बसायचं नाही. ते सर्वांचं आहे, म्हणजे आपलंही आहे.