शैली म्हणजे सही नव्हे

गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन चित्रकला स्पर्धेत मी भाग घेतला होता. मिळालेल्या वेळात मी एक अमूर्त चित्र काढले. करडा-पिवळा पृष्ठभाग आणि त्यावर रोलर फिरवून उमटवलेले धूसर आकार. परीक्षक चित्रासमोर बराच वेळ थांबले, म्हणून मी मनातून सुखावले. मग त्यांनी विचारले, "गायतोंडे पाहिलेत वाटतं?" मी मान डोलावली. "छान. आता तुमचं चित्र केव्हा काढणार?" एवढे बोलून ते पुढे गेले.

बक्षीस हुकल्याचे दुःख दोन दिवसांत ओसरले, तो प्रश्न मात्र राहिला. चित्रकाराची 'स्वतःची शैली' म्हणजे नेमके काय आणि ती येते कुठून? वर्षभर ग्रंथालयात जे वाचले, चित्रे पाहिली, त्यांतून जे उमगले ते येथे मांडत आहे.

कौशल्य, लकब आणि शैली ह्या तीन गोष्टींची आपण नेहमी गल्लत करतो. हुबेहूब आंबा काढता येणे हे कौशल्य. ते शिकवता येते. इंटरमीजिएटच्या परीक्षेत त्याचेच गुण मिळतात. प्रत्येक चित्रात डोळे लांबट काढणे, ही लकब. ती सहीसारखी असते. एकदा बसवली की विचार न करता गिरवता येते. शैली ह्या दोहोंपेक्षा वेगळी. चित्रकार काय पाहतो, काय ठेवतो आणि काय टाकून देतो, त्या निवडीला हळूहळू जे वळण पडते, ती शैली.

ज्यांची मी नक्कल केली, त्या वासुदेव गायतोंडे यांचेच उदाहरण घेऊ. १९२४ साली नागपुरात जन्मलेल्या गायतोंडे यांनी १९४८ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांत पुढचे गायतोंडे ओळखूही येत नाहीत. तेथे माणसे आहेत, भारतीय लघुचित्रांची आठवण देणारी रेषा आणि सपाट, झळाळते रंग आहेत. नंतर पॉल क्ले ह्या चित्रकाराचा प्रभाव दिसतो. म्हणजे त्यांनीही दुसऱ्यांकडून घेतलेच होते. पण घेतलेले ते एकेक करून सोडत गेले. माणसे गेली, ओळखीचे आकार गेले. साठच्या दशकात उरला तो रंग आणि त्यातून झिरपणारा उजेड. रोलरने आणि रंगाच्या सुरीने थर चढवायचे, काढायचे, पुन्हा चढवायचे. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी होत. मी त्यांचा रोलर तेवढा उचलला. त्यांनी काय काय सोडले होते ते पाहिलेच नाही. आणि खरे सांगायचे तर, सोडण्याजोगे माझ्याजवळ अजून काही जमलेलेही नव्हते.

दुसरे उदाहरण सय्यद हैदर रझा यांचे. त्यांचा जन्म १९२२ चा, मध्य प्रदेशातला. १९४८ साली काश्मीरमध्ये त्यांची फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी भेट झाली. चित्रांत बांधणी कमी आहे, सेझान अभ्यासा, असा सल्ला त्यांनी रझांना दिला. १९५० मध्ये रझा पॅरिसला गेले आणि पुढे कित्येक वर्षे निसर्गचित्रेच रंगवत राहिले. ज्या 'बिंदू'मुळे आज आपण त्यांना ओळखतो, तो त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला तेव्हा ते साठीच्या घरात होते. लहानपणी अभ्यासात लक्ष लागेना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसवले होते, ही आठवण ते सांगत. ठिपका बालपणापासून जवळच होता. पण त्याला चित्रात बसवता येण्यासाठी मधल्या साऱ्या वर्षांची बांधणी लागली.

आता थोडे घरचे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. माझे वडील तालुक्याच्या गावी पाट्या रंगवतात. फ्लेक्स आल्यापासून काम फार कमी झाले. तरी कधी शाळेची भिंत, कधी ट्रकचा मागचा फळा मिळतो. वर्गात कोणी विचारले तर मी "धंदा आहे" एवढेच सांगत असे. ऑइलपेंटचे डबे, टर्पेंटाइनचा वास आणि 'कला' ह्यांचा काही संबंध असेल असे मला वाटत नसे.

मग एके दिवशी प्रभाकर बरवे यांच्याविषयी वाचले. १९३६ साली अलिबागजवळच्या नागावला जन्मलेला हा चित्रकार. घड्याळ, पान अशा रोजच्या वस्तूंना मोकळ्या अवकाशात ठेवून त्यांच्यातले नवे नाते शोधणारा. 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक लिहिणारा. त्यांची कित्येक चित्रे एनॅमल रंगांतली आहेत. एनॅमल, म्हणजे आमच्या ओसरीवरच्या डब्यांतला ऑइलपेंट!

सुटीत ते पुस्तक घरी नेले आणि त्यांच्या एका चित्राचा छापील फोटो वडिलांना दाखवला. अर्थ त्यांनी विचारला नाही. चष्मा वर करून ते आकाराची कड न्याहाळत राहिले आणि म्हणाले, "लई बसलाय ह्या माणसाचा हात. ऑइलपेंट असा थांबवणं सोपं न्हाय, पोरी. वाहतो."

त्या दिवसापासून मी त्यांच्या हाताखाली अक्षरे शिकते आहे. खडूची दोरी ताणून रेघ मारायची, हाताखाली काठी धरून ब्रश एका दमात खाली आणायचा. 'क'चा पोट आणि शेपूट ह्यांच्यामधली जागा कशी राखायची, ह्यावरून आमचे रोज वाद होतात. रोलर सध्या बाजूला ठेवला आहे.

ह्या वर्षीच्या स्पर्धेसाठी मी एक अर्धवट पुसलेली पाटी काढते आहे. जुन्या दुकानाचे नाव खालून दिसते, वरून नवे. ती पाटी वडिलांनीच दोनदा रंगवली होती. चित्र साधेल की नाही, सांगता येत नाही. 'क' अजून बिघडतो. पण त्या परीक्षकांनी पुन्हा विचारले, की कोणाला पाहिलेस, तर ह्या वेळी मला नाव सांगायला लाज वाटणार नाही.